ब्रेक दाबला की पिकअपचं स्टिअरिंग थरथरायलंय, डिस्क लेथवर मारून आणल्या तरी तीन महिन्यांत पुन्हा तेच

केजचा पिकअपवाला:

राम राम मंडळी. जरा लांबलचक लिहायलोय पण पूर्ण वाचा, कारण दोन मिस्त्र्यांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्यात अन कुणाचं ऐकावं ते मला कळंना गेलंय.

गाडी २००९ ची पिकअप, वडिलांनी नवी घेतलेली, ३ लाख १० हजार किलोमीटर झालेत. पुढं डिस्क, मागं ड्रम, पावर स्टिअरिंग. आठवड्यात चार खेपा असतात, केजवरून नेकनूर, मांजरसुंबा अन खाली बीडच्या मोंढ्यात. कधी सोयाबीन, कधी भाजीपाला, दिवाळीच्या आगेमागे सीताफळाचे कॅरेट.

त्रास असा, की ७०-८० च्या स्पीडला ब्रेक दाबला की स्टिअरिंग डावीकडं-उजवीकडं थरथरतं, हातात धरवत नाय. ४० च्या खाली आलं की गप. ब्रेक न दाबता ९० पर्यंत नेली तरी एकदम स्थिर, म्हणून टायरचं नसावं असं वाटतंय. बॅलन्सिंग, अलाइनमेंट दोन्ही करून घेतलंय, फरक शून्य. मांजरसुंब्याचा घाट उतरताना पालीच्या अलीकडं तर लईच, डॅशबोर्डवरचा मोबाईल खाली पडतो.

आता मागचं सांगतो. दिवाळीच्या आधी पॅड संपले होते, तवाबी थोडी थरथर होती. मिस्त्री म्हणला डिस्क आउट हायत, म्हणजे सपाट राहिल्या नायत, लेथवर मारून, म्हणजे मशीनवर खरवडून सपाट करून आणू. दोन्ही डिस्क काढल्या, लेथवाल्यानं मारल्या, नवे पॅड टाकले. पहिला महिना गाडी लोण्यावानी थांबायची, मी खूश. दुसऱ्या महिन्यात हलकं हलकं सुरू झालं, अन आता चार-साडेचार हजार किलोमीटर झाल्यावर पहिल्यापेक्षा जास्त हलायलंय. तोच मिस्त्री आता म्हणतो डिस्कच नवीन टाका. दुसरा म्हणतो डिस्क नाय, स्टिअरिंग बॉक्स गेलाय, खोलावा लागंल.

परवा नेकनूरच्या अलीकडं ऊसाची ट्रॉली एकदम रोडवर आली. मी ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी थांबली, पण दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून धरावं लागलं. बाजूला बायको अन तिच्या मांडीवर चार वर्षाची पोरगी. तवापासून ६० च्या वर न्यायची हिंमत होत नाय. खर्च करायला मी तयार हाय, पण नेमकं काय गेलंय ते कळल्यावर. अंदाजानं एकेक पार्ट बदलत बसलो तर सीझनचं सगळं तेच्यातच जाईल. कुणाला असं झालंय का, अन नेमकं कसं शोधलं?

मोसंबी लाईन जालना:

भाऊ, आधी एक सांगतो, लेकराला घेऊन ही गाडी जोरात चालवू नका, ६० चं ठरवलंय ते बरोबर ठरवलंय.

मी बारा वर्षं मोसंबी ओढतोय, जालन्यावरून संभाजीनगर, कन्नड, घाट उतरून चाळीसगाव अन पुढं. माझ्या गाडीला हेच झालं होतं, दोनदा. कारण मला नंतर कळलं. मी घाट चौथ्या गिअरमधी ब्रेकवर उतरायचो, खाली पोचेपर्यंत डिस्क इतकी तापायची की चाकाजवळ वास यायचा, अन खाली हॉटेलवर थांबलो की पोरगा लगेच पाइपानं चाकं धुवायचा. तापलेल्या लोखंडावर गार पाणी. दुसरी चूक म्हणजे तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून चेकपोस्टला उभं राहायचं. पॅड जिथं टेकलेला असतो तिथं पॅडचा मसाला डिस्कवर चिकटून बसतो, अन मग तेवढ्या जागेवर ब्रेक वेगळा धरतो. आता मी वरूनच दुसरा-तिसरा गिअर टाकून उतरतो, ब्रेक दाबायचा तर नीट दाबून स्पीड पाडायचा अन सोडून द्यायचा, सतत पाय ठेवून घासत जायचं नाय. खाली उतरल्यावर एक-दोन किलोमीटर हळू चालवून मग थांबायचं.

अन पुढचं की मागचं ते आधी ओळखा, ते फुकट हाय. ब्रेकला हातात स्टिअरिंग हललं तर पुढचं. सीट हलली, बॉडी हलली, पायाखाली पेडल वरखाली व्हायलं अन स्टिअरिंग गप असलं तर मागचे ड्रम बघा. खात्री करायची तर रिकाम्या सरळ रोडवर, पुढंमागं कोणी नसताना, ४०-५० ला हँडब्रेकचं बटण दाबून धरून हळूहळू ओढा. बटण सोडायचं नाय, झटका द्यायचा नाय, नायतर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरंल. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, त्यामुळं तेवढ्यानं गाडी हलली तर ड्रम, नाय हलली तर पुढचंच.

माझं मत विचारलं तर डिस्क नवीन टाकून मोकळं व्हा.

लातूर स्पेअर्सवाली:

दादा, माझं स्पेअरचं दुकान हाय, डिस्क विकणं माझा धंदा. तरी सांगते, मोजल्याशिवाय डिस्क घेऊ नका. दुकानात महिन्याला असे गिऱ्हाईक येतात की डिस्क नेली, टाकली, अन दोन-तीन महिन्यांनी परत, "ताई माल खराब दिला." माल खराब नसतो, जिथं बसवला ती जागा खराब असते. ते पुढं कोणीतरी जाणकार सांगतीलच, मी माझ्यापुरतं सांगते.

डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर कमीत कमी जाडीचा आकडा ठोकलेला असतो. गंज खरवडून वाचा. डिस्क त्याच्यापेक्षा पातळ असली तर विषय संपला, नवीनच, अन दोन्ही बाजूंची जोडीनं. जास्त असली तर तिच्यात अजून जीव हाय. मोजायचं मायक्रोमीटरनं, वर्निअरनं नाय, कारण घासलेल्या डिस्कच्या काठाला उंचवटा राहतो, वर्निअर त्या काठावर टेकतो अन जाडी जास्त दाखवतो. काठापासून १० मिमी आत, गोलाकार आठ ठिकाणी मोजा अन वहीत लिहा. सगळे आकडे सारखे पाहिजेत. सगळ्यात जाड अन सगळ्यात पातळ यांच्यात ०.०२ मिमीच्या वर फरक निघाला तर थरथर येणारच.

दुसरं, पॅड काढून एका फळीवर चारी ओळीनं ठेवा. डाव्या चाकाचा आतला, बाहेरचा, उजव्याचा आतला, बाहेरचा. चारी साधारण सारखे झिजलेले पाहिजेत. एकच जास्त खाल्लेला असला तर त्या बाजूच्या कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम हायत किंवा पिस्टन मागं सरकत नाय. मी गिऱ्हाइकाला नेहमी सांगते जुने पॅड फेकू नका, दुकानात घेऊन या, ते बघूनच निम्मं कळतं. अन पिनांना साधं ग्रीस लावू नका, त्यानं रबर फुगतं, ब्रेकच्या पिनांचं वेगळं ग्रीस येतं तेच घ्या, छोटी पुडी येते, लई महाग नसते.

केजचा पिकअपवाला:

ताई, दादा, दोघांचे आभार. आज दुपारी खेप नव्हती म्हणून बसलो.

हँडब्रेकची टेस्ट केली, केज-कळंब रोडला दुपारी रोड मोकळा होता. गाडी गप थांबली, काहीच हललं नाय. म्हणजे मागचं नाय.

पॅड काढले. उजवीकडचे दोन्ही सारखे. डावीकडचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा निम्मा राहिलाय, तीन महिन्यांत! डाव्या कॅलिपरची खालची पिन हातानं हलंना, पान्यानं फिरवून काढली तर पार सुकलेली, गंजलेली.

अजून एक. जॅक लावून डावं चाक वर-खाली धरून हलवलं तर टक टक असं बारीक वाजतंय, हाताला जाणवतं. उजव्याला नाय. मिस्त्रीला फोन केला तर म्हणला एवढं चालतंय, जुन्या गाडीला असतंच. खरंच चालतं का?

निवृत्त निदेशक, परभणी:

नमस्कार. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक ट्रेडला निदेशक होतो, आता निवृत्त. तुमचा प्रश्न कालच वाचला होता, पण पॅड आणि चाकाच्या चालीबद्दल तुम्ही काय लिहिता त्याची वाट बघत होतो. आता लिहितो.

पहिलं म्हणजे तो टक टक आवाज. चालत नाही. तो कशाचा आहे हे ओळखायची सोपी युक्ती सांगतो. गाडी जॅकवर घ्या, चेसिसखाली स्टँड किंवा लाकडी ठोकळे लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली जाऊ नका. वडिलांना किंवा कोणाला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि तुम्ही चाक वर-खाली हलवा. ब्रेक दाबल्यावर चाल गायब झाली तर बेअरिंग ढिलं आहे, कारण ब्रेकनं हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) आणि कॅलिपर एकमेकांना धरून ठेवले. ब्रेक दाबूनही चाल तशीच राहिली तर बॉल जॉइंट. आणि चाक आडवं, म्हणजे घड्याळाच्या तीन आणि नऊवर धरून हलवल्यावर ढिलं लागलं तर टाय रॉड एंड, स्टिअरिंगचे सांधे बघायचे. स्टिअरिंग बॉक्स खोलणं ही सगळ्यात शेवटची गोष्ट, आणि तुमच्या लक्षणांत बॉक्सचं एकही चिन्ह नाही. बॉक्स गेला असता तर ब्रेक न दाबताही स्टिअरिंग रिकामं फिरलं असतं, गाडी रोडवर भटकली असती.

आता मुख्य प्रश्न, पहिला महिना चांगला गेला आणि मग का बिघडलं. याचं उत्तर नीट समजून घ्या, कारण निम्म्या गॅरेजांत हे कोणी सांगत नाही.

डिस्कमध्ये दोन वेगवेगळे दोष असतात. एक म्हणजे डिस्क फिरताना डुलणं, लगोरीची वाकडी ठिकरी फिरवली तर डुलेल तशी. दुसरा म्हणजे जाडी कमी-जास्त असणं. लोक दोन्हीला "डिस्क बेंड झाली" म्हणतात, पण थरथर मुख्यतः दुसऱ्यानं येते. तुमच्या गाडीचा कॅलिपर पिनांवर सरकणारा आहे, डिस्क थोडी डुलली तर तोही तिच्याबरोबर सरकतो आणि तुम्हाला काही जाणवत नाही. म्हणून पहिला महिना लोण्यासारखा गेला. पण डुलणाऱ्या डिस्कची एक बाजू दर फेऱ्याला आतल्या पॅडला शिवते आणि समोरची बाजू बाहेरच्या पॅडला, ब्रेक न दाबता. ८० च्या वेगाला तुमचं चाक सेकंदाला साधारण दहा वेळा फिरतं. सेकंदाला दहा वेळा तोच ठिपका घासला जातो, बीडपर्यंत आणि परत. चार हजार किलोमीटरमध्ये त्या जागी डिस्क पातळ होते. आता पाय दाबला की जाड जागा आली की ब्रेक जास्त धरतो, पातळ आली की कमी, आणि तोच हिसका स्टिअरिंगला येतो. वहीच्या पानाची जाडी साधारण ०.१ मिमी असते. त्या पानाच्या पाचव्या हिश्श्याएवढा जाडीतला फरकही हाताला जाणवतो, म्हणून डोळ्यांनी बघून "डिस्क चांगली दिसतीय" म्हणण्याला अर्थ नाही.

त्यात तुमची पिन जाम. ती जाम झाल्यापासून कॅलिपर सरकतच नव्हता, म्हणून आतल्या पॅडनं सगळं खाल्लं.

आता डिस्क डुलली का? माझा अंदाज असा. या जुन्या पिकअपमध्ये बहुतेक डिस्क हबला मागच्या बाजूनं बोल्टांनी आवळलेली असते, डिस्क काढायची तर हब काढावं लागतं आणि हब काढलं की बेअरिंग उघडतं. म्हणजे तुमच्या दिवाळीच्या कामात तीन गोष्टी एकाच वेळी झाल्या. डिस्क हबपासून वेगळी केली, लेथवर एकटी मारली, आणि बेअरिंग परत बसवलं. या तिन्हीत चूक होऊ शकते. हबच्या तोंडावर गंजाची खपली राहिली आणि त्यावर डिस्क आवळली तर डिस्क तिरकी बसते. मध्याजवळ केसाएवढी खपली असली तरी काठाला ती दुपटीनं दिसते. लेथवाल्यानं डिस्क चकमध्ये धरून एक तोंड मारलं, मग उलटी करून दुसरं मारलं, तर दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर राहतीलच असं नाही. आणि बेअरिंगचा नट ढिला राहिला तर डिस्क खरी असली तरी डुलते.

डायल गेज, म्हणजे बारीक फरक सुईनं दाखवणारं माप, मिळवा. लेथवाल्याकडे असतोच, चुंबकाच्या स्टँडसकट एक तासासाठी मागा. आधी बेअरिंगची चाल काढून टाका, नाहीतर रीडिंग खोटं येईल. स्टँड नकलला (हब ज्यावर बसतं त्या, चाकाबरोबर न फिरणाऱ्या भागाला) चिकटवा, सुईचं टोक डिस्कच्या काठापासून १० मिमी आत टेकवा, चाक एक फेरा हळू फिरवा. सुई किती ते किती फिरली ते लिहा. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असेल, पण ०.१ मिमीच्या वर गेलं तर थांबून कारण शोधायचं, आणि मी मुलांना नेहमी ०.०५ च्या आसपास आणायला लावायचो.

आणि गाडीच्या खाली गेलात की खालच्या आर्मचे (चाक चेसिसला जोडणाऱ्या भागाचे) रबरी बुश टामीनं उचकटून बघा. थरथर तयार करते डिस्क, पण ती तुमच्या हातापर्यंत पोचवतो ढिला बुश. फाटलेला बुश बदलला तर थरथर कमी वाटेल आणि माणूस फसेल की दोष गेला.

गेवराई टायरवाला:

सरांनी लई भारी सांगितलं. मी हायवेला टायरचं काम करतो, मला एक म्हणायचंय. पंक्चरच्या दुकानात गनवर नट आवळतात, एका बाजूचे फुल टाइट करून मग पुढचे, तेच्यानंबी डिस्क वाकते. मी सगळ्यांना सांगतो नट समोरासमोर आवळा अन शेवट हाताच्या पान्यानं करा. ह्या भाऊचं तेच असंल असं मला वाटतं.

निवृत्त निदेशक, परभणी:

तुमची सवय उत्तम, तशीच ठेवा. ज्या गाड्यांत डिस्क हबच्या बाहेरून नुसती सरकवलेली असते आणि चाकाचे नटच तिला दाबून धरतात, तिथं तुम्ही म्हणता ते अगदी खरं, कारमध्ये हे रोज होतं. या गाडीत डिस्क आपल्या वेगळ्या बोल्टांवर असेल तर चाकाच्या नटांचा परिणाम तितका थेट होत नाही. पण डिस्कचे जे बोल्ट आहेत ते मात्र तसेच समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे.

मोसंबी लाईन जालना:

सर, मी वर डिस्क नवीन टाका म्हणलो ते मागं घेतो. माझ्या गाडीला दोनदा झालं म्हणलो ना, दुसऱ्यांदा नवीन डिस्क टाकल्यावर पाच महिन्यांत झालं होतं. मी घाटालाच दोष देत बसलो. हबचं तोंड कुणी साफ केलं होतं का ते मला आठवतच नाय. ह्या रविवारी मीबी माझी मोजून घेतो.

केजचा पिकअपवाला:

मंडळी, आठ दिवसांनी लिहायलोय, काम पूर्ण करूनच लिहायचं ठरवलं होतं.

सर, तुम्ही सांगितलेली ब्रेक दाबून चाक हलवायची युक्ती आधी केली. आप्पांना आत बसवलं, ते ब्रेक दाबून बसले, अन मी हलवलं तर टक टक बंद. पाय काढा म्हणलो की परत सुरू. म्हणजे बेअरिंग. आप्पाच खाली उतरून म्हणले, एवढ्याशा गोष्टीला दोन मिस्त्री?

मग एका तिसऱ्या मिस्त्रीकडं नेली, वयस्कर माणूस, त्याला सगळं वाचून दाखवलं. आधी वाटलं राग येईल, पण म्हणला थांब, गेज आणतो. नट अॅडजस्ट करून चाल काढली अन गेज लावला. मी स्वतः चाक फिरवलं. उजवीकडं सुई ०.०७ फिरली. डावीकडं ०.२२! सुई अशी जाऊन परत यायली, जाऊन परत यायली, दर फेऱ्याला त्याच जागेवर. तीन महिने मी जे हातात धरत होतो ते तिथं काचेच्या आत दिसायलं.

ताई, जाडीबी मोजली, आठ ठिकाणी, डाव्या डिस्कमधी जाड अन पातळमधी ०.०४ चा फरक. डिस्कवर २० चा आकडा ठोकलेला हाय, आमची सगळ्यात पातळ जागा २१.२ निघाली, म्हणजे जीव बाकी हाय.

हब काढलं, डिस्कचे बोल्ट सोडले. डिस्क हबला एवढी चिकटलेली की लाकडी ठोकळ्यानं चारी बाजूनं ठोकून सोडवावी लागली. अन आत बघितलं तर सरांचा अंदाज जसाच्या तसा. हबच्या तोंडावर एका बाजूला करंगळीच्या नखाएवढी गंजाची खपली, दाबून दाबून पत्र्यावानी चपटी अन चकचकीत झालेली, तेच्या बरोबर समोर डिस्कच्या मागच्या तोंडावर तिचाच ठसा. दिवाळीला कुणी ब्रश फिरवलाच नव्हता. मिस्त्रीनं ती खपली पात्यानं काढून माझ्या हातावर ठेवली. तेवढ्या खपलीनं माझी झोप घालवली होती.

बाहेरच्या बेअरिंगची वाटीबी खराब निघाली, आत टोचल्यावानी ठिपके, म्हणून बेअरिंग वाटीसकट नवीन टाकलं, सीलसुद्धा. हबचं अन डिस्कचं तोंड तारेच्या ब्रशनं अन नंतर पॉलिश पेपरनं पार उघडं लोखंड दिसेपर्यंत घासलं, बोल्ट समोरासमोर आवळले. मग डिस्क हबसकट लेथवर नेली. लेथवाला आधी नको म्हणला, नुसती डिस्क द्या, पटकन होतं. मिस्त्री तिथंच उभा राहिला अन हब बेअरिंगच्या बैठकीवर सेंटर करून, सेटिंग न हलवता दोन्ही तोंडं मारून घेतली. दोन्ही बाजूंचं तसंच केलं. डावी २०.८ राहिली.

बेअरिंग बसवताना मी बघत होतो, हब फिरवत फिरवत नट चांगला आवळला, मग ढिला केला, मग परत हलकाच आवळून लॉक केला. चाक हातानं मोकळं फिरतंय अन चाल शून्य. परत गेज. डावं ०.०५, उजवं ०.०४. मिस्त्रीनं दोन्ही आकडे खडूनं भिंतीवर लिहिले.

कॅलिपरच्या चारी पिना साफ केल्या, दोन नवीन टाकल्या, ताईंनी सांगितलेलं ग्रीस लावलं. खालच्या आर्मचा डावा बुश तडकलेला होता, दोन्ही बाजूंचे बदलले. पॅड नवीन. स्टिअरिंग बॉक्सला कुणी हात लावला नाय.

पॅड बसवल्यावर लगेच माल भरला नाय. मिस्त्री म्हणला रिकामी गाडी घेऊन ५० वरून २० पर्यंत हळू ब्रेक, असं पंधरा-वीस वेळा, मधी थोडं चालवून गार होऊ द्यायचं, अन पूर्ण थांबून ब्रेकवर पाय ठेवायचा नाय. केज ते धारूर रोडला ते करत गेलो.

काल पहिली खेप नेली, १२ क्विंटल सोयाबीन. मांजरसुंब्याचा घाट तिसऱ्या गिअरमधी उतरलो, मोसंबीवाले दादा, तुम्ही सांगितलं तसं. खाली पालीच्या पुढं सरळ रोड लागला, मागं कुणी नव्हतं, ८० केली अन ब्रेक दाबला. मोबाईल डॅशबोर्डवरच होता. स्टिअरिंग एका हातात धरलं होतं.

लातूर स्पेअर्सवाली:

वाचून लई बरं वाटलं दादा. लेकराला जपा. ती खपली फेकली नसली तर तिचा फोटो टाका, मी दुकानात गिऱ्हाइकाला दाखवते, सांगून पटत नाय त्यांना.

निवृत्त निदेशक, परभणी:

काम फार चांगलं झालं, मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा. हबसकट लेथवर मारून घेण्याचा आग्रह धरणारा माणूस सोडू नका. एक राहिलं. नवीन बेअरिंग पहिल्या हजारभर किलोमीटरमध्ये थोडं बसतं, म्हणून ८००-१००० ला परत जॅकवर घेऊन चाल बघा. खेपेनंतर दोन्ही हबचं तापमानही बघत जा. हात थेट लावू नका, आधी दोन थेंब पाणी टाकून बघा. एकीकडे थेंब चरकन उडाला आणि दुसरीकडे नाही, तर त्या बाजूचं बेअरिंग जास्त आवळलंय किंवा कॅलिपर सोडत नाही. ४००० किलोमीटरला जाडीचे आठ आकडे परत घ्या आणि इथं टाका. मागच्या वेळी तिथंच बिघडलं होतं.

केजचा पिकअपवाला:

हाव सर. आठ आकड्यांची वही गाडीतच ठेवलीय. खपली आप्पांनी तंबाखूच्या डबीत ठेवलीय, उद्या उजेडात फोटो काढून टाकतो.